हजार वॅटचा खोटारडा डबा

अँप्लिफायरच्या आत ट्रान्सफॉर्मर 300 व्हीएचा, म्हणजे सलग फार तर 300 वॅट पुरवणारा, आणि डब्यावर छापलंय 1000 वॅट! हे वॅट येतात कुठून, आभाळातून? क्लास एबी प्रकारच्या अँप्लिफायरची कार्यक्षमता कागदावरसुद्धा 78.5 टक्क्यांपलीकडे जात नाही. म्हणजे सलग 235 वॅटही निघणार नाहीत. उरलेल्या विजेची उष्णता होते, ती जाणार कुठे? फोंड्याकडच्या जत्रेत बघा. पाऊस येईल म्हणून अख्खा अँप्लिफायर ताडपत्रीत गुंडाळलेला, पंख्याच्या जाळीवर बोटभर धूळ, उष्णता बाहेर टाकणाऱ्या हीटसिंकला हात लावला तर चटका. नाटक रंगात येतं, तबल्यावर जोरदार थाप पडते, व्होल्टेज कोसळतं, आवाज फाटतो. कलाकारांनी महिनोन्‌महिने तालमी केल्या त्या यासाठी? आणि ऑपरेटर काय करतो? व्हॉल्यूम आणखी वाढवतो! जळला ट्वीटर, म्हणजे बारीक आवाजाचा स्पीकर!