पुढच्या वर्षी कोण गाजणार? बँजोवाल्यांना विचारा

डिसेंबर लागला की 'पुढच्या वर्षी या दहा नवीन कलाकारांवर लक्ष ठेवा' छापाच्या याद्या फिरायला लागतात. मी त्या आवडीने वाचतो, खोटं कशाला बोलू. पण त्यात मराठी नाव शोधायला गेलं तर जेमतेम एखादं सापडतं, आणि त्याची गाणी तोवर हळदीत वाजून वाजून जुनी झालेली असतात.

हे आपल्याकडेच होतं असंही नाही. बीबीसी 2003 पासून पुढच्या वर्षी गाजणाऱ्या कलाकारांची 'साउंड ऑफ' नावाची यादी काढते. 2008 ला त्यांनी अडेलला पहिला नंबर दिला, अंदाज फळला. पुढच्याच वर्षी पहिली आली लिटल बूट्स नावाची ब्रिटिश गायिका, आणि लेडी गागा त्याच यादीत मागे कुठेतरी होती. 2025 साठी निवडलं चॅपल रोन या अमेरिकन गायिकेला. तिचा पहिला अल्बम 2023 चा, आणि 2024 मध्ये तर ती जगभर गाजत होती. वरात दारात आल्यावर नवरदेव कोण ते ओळखलं, यात कसलं आलंय कौतुक!

मराठीत अडचण आणखी वेगळी आहे. आपल्याकडे गाणं गाजतं, गाणारा तिथेच राहतो. 'हाई झुमका वाली पोर' हे अहिराणी गाणं खानदेशाबाहेर किती वाजलं ते आठवा. त्यावर नाचलेल्यांना गायकाचं नाव विचारून बघा बरं. व्हिडिओतली पोरगी सांगतील, गाणारा कोण ते विचारलं की एकमेकांकडे बघतील. सोनाली सोनवणेचा आवाज ऐकला नाही असा माणूस लग्नसराईत सापडणार नाही, पण नाव घेतलं की 'कोण गं ही?' त्यामुळे नुसत्या व्ह्यूजवरून अंदाज बांधणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. व्ह्यूज गाण्याचे असतात, आणि त्यातले बरेचसे रीलवर नाचणाऱ्यांचे.

मग गळ्यावरून ओळखावं का? तेही करून झालंय. 'सारेगमप लिटिल चॅम्प्स'चं ते 2008-09 चं पर्व आठवतंय ना? अख्खा महाराष्ट्र एसएमएस पाठवत होता. कार्तिकी गायकवाड जिंकली, पाचही पोरं घराघरात पोचली. आर्या आंबेकर गोड गाते हे तेव्हा शेंबड्या पोरालाही कळत होतं. पण तिच्या वाट्याला 'हृदयात वाजे समथिंग' यायला 2017 उजाडलं. गळा कळतो हो. वेळ कळत नाही, आणि 'पुढच्या वर्षी कोण' या प्रश्नात सगळी मेख वेळेचीच आहे.

माझी खूण जरा गल्लीतली आहे. आमच्याकडे डोंबिवलीत जून-जुलै आला की बँजो पार्ट्यांचा सराव सुरू होतो. गणपतीच्या आगमनाच्या सुपाऱ्या घेतलेल्या असतात, त्यामुळे नवीन गाणी बसवावी लागतात. एकदा ते बघाच. बँजोवाला मोबाईलवर गाणं लावतो, मुखडा संपायच्या आत बंद करतो. डाव्या हाताने बटणं चाचपतो, उजव्या हाताने तारा छेडतो, दोनदा चुकतो, तिसऱ्यांदा धून हातात येते. तोवर ऑक्टोपॅडवाल्याने ठेका पकडलेला असतो आणि ढोलकीवाला मान हलवायला लागतो. एवढ्यात जमलं तर गाणं राहिलं, नाहीतर पुढचं लावा. सोशल मीडियावर धुमाकूळ घातलेली गाणी मी तिथे अर्ध्या मिनिटात बाद होताना पाहिली आहेत. एकाला विचारलं तर म्हणाला, "दादा, मिरवणुकीत शब्द कोण ऐकतंय? शब्द काढून टाकले की बऱ्याच गाण्यांत काही उरतच नाही."

शब्द काढूनही जे उरतं ते चाल बांधणाऱ्याचं असतं. म्हणून माझा नियम असा: एखाद्या नवीन पोराचं एक गाणं बँजोवाल्यांनी उचललं तर ते गाण्याचं नशीब. त्याच पोराचं दुसरंही उचललं, तर त्याच्यावर पैज लावायला हरकत नाही.

जळगावचा संजू राठोड बघा. 'गुलाबी साडी' 2024 च्या फेब्रुवारीत आलं, ऐन लग्नसराईच्या तोंडावर, आणि सगळ्यांना वाटलं हा एका रात्रीत उगवला. पण 'बाप्पावाला गाणं' आणि 'नऊवारी' आधीच वाजत होती. चाल अशी की लहान पोरगंही गुणगुणेल, आणि हुक, म्हणजे डोक्यात अडकून बसणारी ओळ, मुखड्यातच. 2025 च्या एप्रिलमध्ये 'शेकी' आलं तेव्हा 'एक गाणं चालून गेलं' म्हणणाऱ्यांची तोंडं बंद झाली. माझ्या मते यात जी-स्पार्कच्या संगीताचा वाटा मोठा आहे, पण त्याचं नाव किती जण घेतात?

हा नियम सगळीकडे लागू पडत नाही, तेही सांगतो. क्रेटेक्स आणि श्रेयस सागवेकरचं 'तांबडी चामडी' 2024 ला स्पिनिन या डच लेबलवर आलं. मला जाम आवडलं. पण त्याचा जीव खालच्या बेसमध्ये आहे, बँजोवर वाजवलं तर नुसती आरोळी हाती लागते. या दोघांचं भवितव्य क्लबातली आणि कॉलेजच्या फेस्टमधली पोरं ठरवणार. तिथे मी फिरकत नाही, वय झालं.

आणि एक गोष्ट या यादीवाल्यांना कधीच दिसत नाही. 14 एप्रिलच्या आधीचे दोन महिने. नवीन भीमगीतं, नवीन आवाज, गावोगावचे कार्यक्रम, पहाटेपर्यंत बसलेली माणसं. प्रल्हाद शिंदे, मग आनंद शिंदे, मग आदर्श शिंदे, तीन पिढ्या लोकांसमोर उभं राहून गायल्या. तिथे सूर दुरुस्त करणारं ऑटोट्यून चालत नाही. समोरच्या गर्दीला दम पटला नाही तर तिसऱ्या गाण्याला खुर्च्या रिकाम्या होतात.

तर माझा अंदाज. पुढचं मोठं नाव पुण्या-मुंबईचं नसेल, खानदेश किंवा मराठवाड्यातलं असेल, आणि स्वतःच लिहिणारं, स्वतःच चाल लावणारं असेल. दुसरं, सोनाली सोनवणेचा फोटो एखाद्या दहीहंडीच्या फ्लेक्सवर आमदारसाहेबांच्या फोटोएवढा झळकेल. (त्यांच्याहून मोठा छापायची कुणाची छाती आहे!) तिसरं, भीमगीतांच्या स्टेजवरून एक बाई येईल, पुरुष नाही. याला पुरावा मागू नका, कान सांगतात.

तुमच्याकडे नावं असतील तर कमेंटमध्ये टाका. पण एकेका नावाची दोन-दोन गाणी टाका, एक चालणार नाही. आणि भाच्याचा, मेव्हण्याचा चॅनल असेल तर तसं आधीच सांगा, तरीही ऐकेन.