खुलासा : 'फ्रीजर गार, फ्रिज गरम म्हणजे गॅस संपला' हे चुकीचे आहे

साइड-बाय-साइड (फ्रीजर आणि फ्रिज शेजारी-शेजारी असलेल्या) फ्रिजबद्दलचा हा मेसेज सध्या फिरतोय. मागे मीही तो पुढे पाठवला होता, म्हणून ही दुरुस्ती.

फ्रिजमधला गॅस बंद नळ्यांत फिरतो, वापरून संपत नाही. कमी झाला तर कुठेतरी गळती असते. ती न शोधता नुसता गॅस भरला तर पैसे वाया जातात. शिवाय अशा बहुतेक फ्रिजमध्ये थंडावा तयार होतो फ्रीजरच्या मागच्या कॉइलवर (गॅसच्या वळवलेल्या नळ्यांवर). तिथून पंखा गार हवा दुसऱ्या कप्प्यात ढकलतो. डिफ्रॉस्ट (बर्फ आपोआप वितळवणारी यंत्रणा) बिघडून कॉइलवर बर्फ साचला, पंखा थांबला किंवा डबे गार हवेच्या झरोक्याला टेकले, की फ्रीजर गार आणि फ्रिज कोमट. आमच्याकडे मागचे पॅनेल उघडल्यावर कॉइल बर्फाने गच्च भरलेली निघाली. गॅस पुरेसा होता.

प्लग काढून, दारे उघडी ठेवून 24 तास बर्फ वितळू द्या. नंतर गारवा येऊन काही दिवसांत पुन्हा गेला, तर डिफ्रॉस्ट तपासून घ्या. सुरीने बर्फ मात्र खरवडू नका, नळीला भोक पडते आणि मग खरोखरच गॅस जातो.

जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका.