अनिश्चिततेचा रकाना

परवा आमच्या घराण्याच्या ग्रुपवर पुन्हा जुंपली. इकडे दुपारचे साडेबारा, म्हणजे सांगलीत चार वाजलेले. काकांची वामकुक्षी आटोपून चहा झालेला. त्यांनी फॉरवर्ड टाकला : 'गोडेल नावाच्या थोर गणितज्ञाने सिद्ध केले आहे की विज्ञान कधीच पूर्ण होऊ शकत नाही. आपल्या ऋषींना हे आधीच ठाऊक होते.' खाली स्वतःची एक ओळ : 'म्हणून पत्रिकेला हसू नये.' निमित्त चुलत बहिणीच्या लग्नाचं. एक बरं स्थळ मंगळापायी हातचं जाऊ घातलंय. पाच मिनिटांत माझ्या भाच्याचं उत्तर आलं : 'आबा, आज माहीत नाही ते उद्या कळेल. विज्ञान सगळं शोधून काढणार. तोवर निदान अंधश्रद्धा तरी पसरवू नका.' मग आत्याने विषय बदलायला आंब्याच्या पेटीचा फोटो टाकला आणि सगळे आंब्यावर गेले.

मी कँटीनमध्ये उकडलेल्या बटाट्यांसमोर बसून हे वाचत होते. उत्तर दिलं नाही, पण हसू आलं. कारण या भांडणातल्या दोन्ही बाजू मी जिथे राहते तिथून सायकलने पंधरा मिनिटांवर दगडात कोरून ठेवल्या आहेत.

मी राहते जर्मनीतल्या ग्योटिंगेनला. इथल्या शहर-दफनभूमीत गणितज्ञ डाव्हिड हिल्बर्ट यांची समाधी आहे. त्यावर त्यांचंच वाक्य आहे : 'विर म्युसेन विसेन, विर वेर्डेन विसेन.' आपल्याला कळलंच पाहिजे, आपल्याला कळणारच. माझा भाचा जर्मन असता तर त्याने हेच वाक्य टीशर्टवर छापून घेतलं असतं. हिल्बर्ट ते बोलले ८ सप्टेंबर १९३० रोजी, क्योनिग्सबर्गमध्ये. ते त्यांचं मूळ गाव, आणि त्याच्या दीडशे वर्षं आधी तत्त्वज्ञ कांट ज्या गावात बसून माणसाच्या बुद्धीचं कुंपण कुठे येतं हे मोजत होता ते गाव. आज ते रशियात आहे, नावही बदललंय. हिल्बर्ट यांचा रोख होता बर्लिनचे शरीरशास्त्रज्ञ एमिल द्यु ब्वा-रेमाँ यांच्यावर. त्यांनी १८७२ मध्ये लाइपझिगच्या व्याख्यानात म्हटलं होतं की जडद्रव्य म्हणजे मुळात काय आणि त्यातून जाणीव कशी उपजते, हे आपल्याला माहीत नाही आणि कधीच होणार नाही. हिल्बर्टना त्या 'कधीच'चा राग होता.

गंमत अशी की आदल्याच दिवशी, ७ सप्टेंबरला, त्याच गावातल्या एका परिषदेत चोवीस वर्षांच्या कुर्ट गोडेलने चर्चेच्या ओघात हळूच सांगितलं होतं की अंकगणितात अशी खरी विधानं असतात जी अंकगणिताच्या ठरवून दिलेल्या नियमांत बसून सिद्ध करता येत नाहीत. बहुतेकांच्या ते लक्षातही आलं नाही. पुढच्या वर्षी निबंध छापून आला.

काकांच्या फॉरवर्डात हे सगळं नसतं. गोडेलने 'विज्ञान' अपूर्ण ठरवलं नाही. त्याचं म्हणणं फार नेमकं आहे. नियम आधी ठरवलेले हवेत, त्यांत नैसर्गिक संख्यांचं साधं गणित मावायला हवं, आणि ते नियम एकमेकांच्या विरोधात जाता कामा नयेत. इतकं जमलं, की त्या चौकटीत न सुटणारं विधान निघतंच. आणि हे त्याने सिद्ध केलं, पायरी पायरीने. म्हणजे न कळण्याची हद्द कुठे आहे हे कळणं, हेही एक पक्कं ज्ञानच झालं. मंगळ सातव्या घरात बसल्याने नवरा मरतो की नाही, याच्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. (गोडेलच्या कागदांत ईश्वराच्या अस्तित्वाचा एक तर्कशुद्ध पुरावाही सापडतो. हे मी काकांना अजून सांगितलेलं नाही. घरात शांतता नांदावी असं मलाही वाटतं.)

आता माझ्या कामाचं थोडं सांगते, कारण या वादाकडे बघायची माझी नजर तिथूनच आली आहे. मी वजनं तपासते. कारखान्यांतून, औषध-प्रयोगशाळांतून मानक वजनं येतात आणि ती खरोखर तेवढी भरतात का ते बघून दाखला द्यायचा. आलेलं वजन आदल्या रात्रीपासून खोलीत ठेवायचं, म्हणजे त्याचं आणि हवेचं तापमान एक होतं. बोट लावायचं नाही, बोटाचा तेलकटपणाही काट्यावर उमटतो. चिमट्याने उचलायचं, काचेचं दार लावायचं आणि थांबायचं. शेवटचा आकडा नाचत राहतो. कुणी कॉरिडॉरचं दार उघडलं तरी तो हलतो. हवेचा दाब बदलला की हवा वजनाला किती उचलून धरते तेही बदलतं, ती वजाबाकी वेगळी करावी लागते. मग दाखल्यावर दोन आकडे येतात. एक वजनाचा, आणि त्याच्यापुढे 'अनिश्चितता' या रकान्यात दुसरा. त्या दुसऱ्याचा अर्थ साधारण असा, की शंभरातल्या पंचाण्णव वेळा खरी किंमत इतक्या अंतरात सापडेल. हा रकाना कोरा असेल तर दाखल्याची किंमत शून्य. 'आम्हाला नक्की माहीत आहे' असं लिहिलेला दाखला आमच्या धंद्यात कुणी हातातही घेत नाही. आणि 'काहीच सांगता येत नाही' असं लिहिलेला कुणी मागत नाही.

हिल्बर्ट यांच्याच दफनभूमीत भौतिकशास्त्रज्ञ माक्स प्लांक आहेत. त्यांच्या दगडाच्या तळाशी त्यांचा स्थिरांक कोरलाय, ६.६२ आणि पुढे दहाचा घात. तीनच अंक. पॅरिसजवळ सेव्हरमध्ये काचेच्या घंटांखाली जपून ठेवलेला धातूचा दंडगोल १८८९ पासून जगाचा किलो होता. २० मे २०१९ पासून किलो त्या दगडावरच्या स्थिरांकावरून ठरतो, आणि त्याची किंमत अनिश्चितता शून्य धरून कायमची पक्की केली आहे. पक्की झाली ती कुणाला साक्षात्कार झाला म्हणून नव्हे. सगळ्यांनी मिळून हे एक टोक खुंटीला बांधायचं ठरवलं. त्यामुळे अनिश्चितता नाहीशी झाली नाही, ती खुंटीवरून निघून त्या जुन्या दंडगोलाच्याच अंगावर येऊन बसली. पलीकडे दुसरे भौतिकशास्त्रज्ञ, माक्स बोर्न आहेत. १९३३ मध्ये त्यांना इथून जावं लागलं आणि १९३५-३६ चा हिवाळा त्यांनी रामन यांच्या बोलावण्यावरून बेंगळुरूत काढला. त्यांच्या दगडावरचं समीकरण सांगतं की कणाचं स्थान आणि संवेग यांचा गुणाकार कोणत्या क्रमाने केला यावर उत्तर बदलतं. बदल किती, तोही तिथेच लिहिलाय. मला या दगडांतला तोच भाग आवडतो. नुसतं 'कळत नाही' असं कुणी कोरलेलं नाही. किती, ते कोरलंय.

काकांवर माझा आक्षेप आहे तो एवढाच. माणसाच्या ज्ञानाला हद्द आहे हे मला मान्य आहे. पण हद्द आहे म्हणणाऱ्याने ती कुठून कुठपर्यंत, हे सांगायला नको का? सातबारावर चतुःसीमा लिहितात तशी. नाहीतर हद्द ही लपायची जागा होते.

पत्रिकेचंच घ्या. तिथे बुद्धी थकते, असं मुळी नाहीच. ते विचारून बघता येतं, आणि विचारलं गेलं आहे. जयंत नारळीकरांनी अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या साथीने पुण्यात चाचणी घेतली. हुशार मुलं आणि मतिमंद मुलं यांच्या कुंडल्या मिसळून ज्योतिषांना प्रत्येकी चाळीस दिल्या आणि कोणती कुणाची ते ओळखायला सांगितलं. सत्तावीस जणांनी उत्तरं पाठवली. सरासरी ४६ टक्के बरोबर. नाणं उडवलं असतं तर पन्नास आली असती. 'विज्ञानाला सगळं कुठे कळतं' हे वाक्य अशा ठिकाणी नम्रतेचं राहत नाही, दाराला आतून घातलेली ती कडी असते. आणि ती कडी वाजवणाऱ्यांपैकी एकाला, नरेंद्र दाभोलकरांना, २० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी पुण्यात फिरायला गेले असताना गोळ्या घातल्या गेल्या. मी तेव्हा पुण्यातच शिकत होते. त्यामुळे 'दोन्ही बाजू सारख्याच हट्टी' असं मला म्हणता येत नाही.

पण भाच्यालाही सोडत नाही. 'विज्ञान सगळं शोधून काढणार' हे वाक्य कोणत्या दाखल्यावर लिहिलंय? त्यात अनिश्चितता किती? हिल्बर्टने गणितातल्या न सुटलेल्या प्रश्नांची यादी मांडली होती. त्यातला दहावा असा, की दिलेल्या समीकरणाला पूर्णांकांत उत्तर आहे का, हे ठरवणारी एकच पद्धत सापडेल का. तो १९७० मध्ये निकालात निघाला, 'अशी पद्धत असूच शकत नाही' या उत्तराने. 'कळणारच' म्हणणाऱ्याला हेही कळून घ्यावं लागतं.

शिवाय भाच्याने कधी काकांना नासदीय सूक्त म्हणताना ऐकलेलं नाही. काकांना ते तोंडपाठ आहे. शेवटच्या ऋचेला त्यांचा आवाज बारीक होतो : ही सृष्टी कुठून झाली ते परम आकाशात बसून बघणाऱ्याला ठाऊक असेल, किंवा त्यालाही नसेल. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात हे आहे आणि 'वेदांत सगळं आहे' म्हणणारे नेमकं तेच विसरतात. बुद्धाने तर यादीच दिली. जग शाश्वत आहे का, अंत असलेलं आहे का, तथागत मरणानंतर असतो का, असे प्रश्न मालुंक्यपुत्ताने लावून धरले तेव्हा त्याने बाण लागलेल्या माणसाची गोष्ट सांगितली. बाण कुणी मारला, त्याची जात कोणती, दोरी कशाची होती हे कळेपर्यंत मी बाण काढू देणार नाही, असं म्हणणारा मरून जाईल. हे प्रश्न मी बाजूला ठेवले आहेत, दुःखाचे ठेवलेले नाहीत, असं त्याने स्वच्छ सांगितलं. हाही अनिश्चिततेचा रकानाच, भरलेला. आपल्या पूर्वजांना गोडेल ठाऊक होता असं मी म्हणत नाहीये. त्यांना स्वतःचं अज्ञान चारचौघांत बोलून दाखवायची लाज नव्हती, एवढंच.

इकडे जर्मनीत हे वाद होत नाहीत. मी आले तेव्हा नगरपालिकेच्या नोंदणी-अर्जावर धर्माचा रकाना होता. मी भाविकपणे विचार करू लागले, तर खिडकीतल्या बाई म्हणाल्या, कर कापायचा की नाही एवढंच हवंय. चर्चचा सभासद असाल तर प्राप्तिकराच्या वर, आमच्या राज्यात, त्याच्या नऊ टक्के आणखी कापले जातात. नको असेल तर कार्यालयात जाऊन सही करून बाहेर पडायचं. माझ्या वरच्या मजल्यावरच्या आजी अशाच बाहेर पडल्या आहेत. नाताळच्या रात्री मात्र चर्चमध्ये जाऊन सगळी गाणी म्हणतात. देव आहे का, असं मी एकदा विचारलं तर त्या दचकल्याच. जणू पगार विचारला. मग म्हणाल्या, 'आमच्याकडे असं कुणी विचारत नाही.' सुरुवातीला मला याचं फार कौतुक होतं. किती समंजस लोक! आता तितकं वाटत नाही. ही शांतता निम्मी सहिष्णुतेची आहे आणि निम्मी कंटाळ्याची. आमच्या ग्रुपवर निदान प्रश्न जिवंत आहे. भलत्या जागी उभा आहे, पण जिवंत आहे.

बाबा गेले तेव्हा मी पंधरा दिवस सांगलीत होते. शेवटच्या आठवड्यात डॉक्टर रोज एकच सांगत, 'आज स्थिर आहेत, उद्याचं सांगता येत नाही.' त्याच आठवड्यात कुणीतरी एका 'बघणाऱ्या'कडून निरोप आणला की एकादशी ओलांडली की धोका टळला. तो निरोप आम्हाला डॉक्टरांपेक्षा बरा वाटला, मलाही. आईने अंगारा लावला, मी बघत उभी राहिले. एकादशी ओलांडली. पौर्णिमेला बाबा गेले.

त्या रात्री पडवीत काका, भाचा आणि मी बसलो होतो. वीज गेलेली. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग काका भाच्याकडे वळून म्हणाले, 'गेला म्हणजे रे कुठे गेला?' मला वाटलं आता गरुडपुराण निघणार, किंवा भाचा मेंदू आणि पेशींचं काही सांगणार. भाचा म्हणाला, 'माहीत नाही, आबा.'

काका म्हणाले, 'मलापण नाही,' आणि डासांची उदबत्ती जवळ ओढून घेतली.