ऐनाच्या झाडाला नळ नसतो

व्हिडिओ तुम्हीही पाहिला असेल. एक माणूस काळ्या खोडावर घाव घालतो आणि पाण्याची धार लागते. सोबत मजकूर असा: 'हा ऐन, जंगलातला जलवृक्ष. प्रत्येक झाडात पाचशे लिटर शुद्ध, औषधी पाणी. ड्रिलने भोक पाडा, नळ बसवा. यालाच अर्जुन म्हणतात. याला आग लागत नाही. घरोघरी लावा, तीन वर्षांत विदर्भाची टंचाई संपेल.' नागपुरात आमच्या सकाळी फिरायला जाणाऱ्यांच्या ग्रुपवर तो या उन्हाळ्यात चारदा आला आणि चारही वेळा त्याखाली हात जोडलेले दिसले. मी सोडून दिलं असतं. पण गेल्या रविवारी देवलापारकडच्या रानात एक जुना ऐन पाहिला. छातीच्या उंचीवर दोन गोल भोकं, एकात प्लॅस्टिकची नळी तशीच खुपसलेली. भोकांखाली लाकडाचा भुसा पडला होता आणि तो कोरडा ठणठणीत होता. म्हणून हे लिहिते आहे.

व्हिडिओ खोटा नाही, हे आधी सांगते. मार्च 2024 मध्ये आंध्र प्रदेशातल्या पापिकोंडा राष्ट्रीय उद्यानात वनखात्याच्या लोकांनी एका ऐनाची साल कापली आणि खरंच पाणी निघालं. ही माहिती त्यांना तिथल्या कोंडा रेड्डी आदिवासींनी दिली होती. त्या खोडावर मोठा फुगवटा होता. मेसेजमध्ये ही खूण गाळली आहे, आणि सगळी मेख तिथेच आहे. देवलापारला माझ्यासोबत आलेले मोहफुलं वेचणारे काका भोकांकडे बघून म्हणाले, "सगळ्याच येनाले पानी नसते जी. ज्याचं पोट फुगलं असते, त्यालेच." आपल्याकडे ऐनाला येन म्हणतात, कुठे सादडाही.

आता पाचशे लिटरचा हिशेब करू. दीड मीटर घेराचं, दहा मीटर उंच सरळ खोड घ्या. ते वरपर्यंत सारखंच जाड आहे असं धरलं, तरी त्याचं सगळं घनफळ जेमतेम 1,800 लिटर भरतं. त्यात पाचशे लिटर मोकळं पाणी मावायला खोडाचा चौथ्या हिश्शाहून जास्त भाग पोकळ हवा. ऐनाचं लाकूड किती जड आणि टणक असतं, ते ज्यांच्या जुन्या घराला ऐनाच्या तुळया आहेत त्यांना विचारा. जिवंत लाकडात पाणी असतंच, पण ते पेशींमध्ये धरलेलं असतं. भोक पाडलं म्हणून ते तांब्यात पडत नाही.

शुद्ध आणि औषधी? पापिकोंडाच्या त्या पाण्याला उग्र वास होता आणि चव आंबट होती. ऐनाची साल टॅनिन या तुरट द्रव्याने भरलेली असते, पूर्वी ती कातडी कमवायला वापरत. अशा झाडाच्या पोटात साचलेलं पाणी बिसलेरीसारखं समजून लहान मुलांना पाजू नका. रानात तहानेने जीव चालला असताना एखादा आदिवासी ते पितो, ती गोष्ट वेगळी. त्याला झाड कळतं आणि गरजही कळते.

भोकाने झाडाला काय होतं, यावर मेसेजमध्ये एक शब्द नाही. साल म्हणजे झाडाची कातडी. तिच्या आतल्या पातळ थरातूनच खोड वाढतं. तिथे ड्रिल घातलं की बुरशी आणि किडे आत शिरतात, गाभा कुजू लागतो. झाड लगेच मरत नाही, त्यामुळे भोक पाडणाऱ्याला काही बिघडलं असं वाटतच नाही. शिवाय राखीव जंगलात झाडाला इजा करणं हा 1927 च्या भारतीय वन कायद्याखाली गुन्हा आहे.

ऐन आणि अर्जुन चुलतभाऊ आहेत, एक नाहीत. हिरडा-बेहडाही याच कुळातले. अर्जुनाचं खोड फिकट, गुळगुळीत, सालीचे पापुद्रे सुटणारं आणि त्याला नदीनाल्याचा काठ आवडतो. ऐनाची साल काळपट, चौकटी-चौकटींत खोल भेगाळलेली, थेट मगरीची पाठ. फळं दोघांचीही पाच पंखांची, तिथे मात्र फसायला होतं. पंख उन्हात धरून बघा: ऐनाच्या पंखावरच्या रेघा आडव्या, सरळ कडेपर्यंत जातात, अर्जुनाच्या वर वळतात. मला हे बघायला फार आवडतं, म्हणून एक-दोन फळं पर्समध्ये असतातच.

आगीबद्दल अर्धं खरं आहे. जाड सालीमुळे मोठा ऐन जमिनीवरच्या वणव्यातून बहुधा तगतो. रोपं मात्र होरपळतात.

राहिली टंचाई. झाड पाणी तयार करत नाही. ते जमिनीतूनच घेतं आणि बरंचसं पानांतून हवेत सोडतं. तीन वर्षांत ऐन फार तर रोप म्हणावं इतका होतो. पुढे तो तीस मीटरपर्यंत जाऊ शकतो, तेव्हा विजेच्या तारेखाली लावू नका. पण लावा जरूर. भंडारा-गडचिरोलीकडे कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या अळ्या याच्या आणि अर्जुनाच्या पानांवर पोसल्या जातात, ज्या कोशाच्या साड्या आपण हौसेने नेसतो त्यांचं रेशीम अशाच अळ्यांचं. गोंडांचा बडादेव या झाडात वसतो. फेब्रुवारी ते एप्रिल पंखवाली फळं झाडाखाली पडलेली असतात. गावाच्या किंवा शेताच्या कडेला पडलेली दिसली तर मूठभर वेचा आणि पाऊस लागायच्या आधी पिशव्यांत पेरा. जंगलातली तिथेच राहू द्या.

देवलापारच्या त्या ऐनातली नळी आम्ही काढली. भोकं तशीच आहेत.