पोलीस येत नाहीत, झोप आता

परवा रात्री साडेअकराला हिनं मला हलवून उठवलं. "अहो, पोरीला पोलीस त्रास देतील का?" कुठली पोरगी, कसले पोलीस, मला काही कळेना. मग मोबाईल नाकासमोर आला. भावकीच्या ग्रुपवर मेसेज पडला होता: 'पालकांनो सावधान! तीन वर्षांवरील मूल घरी ठेवणे हा आता गुन्हा. तीन महिने कैद.' खाली आणखी चार मुद्दे आणि अगदी तळाला प्रवेशासाठी म्हणून एक मोबाईल नंबर.

हिच्या पोटात गोळा यायचं कारण असं, की आमची लेक साताऱ्यात गोडोलीत राहते आणि साडेचार वर्षांच्या नातीला तिनं अजून कुठंच घातलेलं नाही. घरीच शिकवते. गोष्टीची पुस्तकं, भाजी निवडणं, माती, अजिंक्यताऱ्यावर चढताना पानं गोळा करणं, असा सगळा प्रकार. मी एकतीस वर्षं जिल्हा परिषदेत मास्तरकी केली, त्यातली बरीचशी जावळी तालुक्यात, पहिलीच्या वर्गावर. म्हणजे मी शाळेचा माणूस. लेकीचं हे खूळ मला सुरुवातीला पटलं नव्हतं, अजूनही सगळं पटलेलं नाही. पण म्हाताऱ्या बाईची झोप उडवणारं खोटं ते खोटंच.

आधी ती कैद. शिक्षण हक्काचा कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० ला. त्यात 'बालक' कोण, तर सहा ते चौदा वर्षांचं. तीन ते सहा वयाचा उल्लेख कलम ११ मध्ये येतो, आणि तिथं लिहिलंय काय, तर अशा मुलांसाठी मोफत पूर्वप्राथमिक शिक्षणाची सोय सरकार 'करू शकेल'. सरकार करू शकेल! आईबापाला त्यात एक अक्षर नाही. पालकांचं कर्तव्य कलम १० मध्ये आहे, तेही सहा वर्षांपुढच्या मुलाला शाळेत घालण्याचं. न घातलं तर शिक्षा काय, हे पूर्ण कायदा पालथा घालून शोधा. सापडत नाही. दंड आहेत, पण ते दुसऱ्यांना. प्रवेश देताना मुलाची किंवा पालकांची चाचणी, मुलाखत घेणाऱ्या शाळेला कलम १३ खाली पहिल्या वेळी २५ हजारांपर्यंत आणि पुढच्या प्रत्येक वेळी ५० हजारांपर्यंत. मान्यता नसताना शाळा चालवणाऱ्याला कलम १८ खाली एक लाखापर्यंत.

आता यातलं अर्धं खरं काय, तेही सांगतो. सहा पूर्ण झाल्यावर गोष्ट इतकी सोपी राहत नाही. कर्तव्य कायद्यात आहे. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीनं सहा ते चौदा वयाच्या पाल्याला शिक्षणाची संधी देणं हे मूलभूत कर्तव्यांतही घातलंय. शिक्षा नाही म्हणून कर्तव्य उडून जात नाही. लेकीला मी हे तोंडावर सांगितलंय, ती गप्प बसली. पण नात साडेचारची आहे. सहाची नाही.

दुसरा मुद्दा, 'नर्सरीच्या दाखल्याशिवाय पहिलीत प्रवेश नाही.' याला फार वेळ देत नाही. कलम ४ म्हणतं की कधीच शाळेत न गेलेलं मूलसुद्धा त्याच्या वयाच्या वर्गात घ्यायचं आणि मागं पडलेलं भरून काढायला त्याला खास शिकवायचं. तिथं नर्सरीचा दाखला कोण विचारतो? माझ्या वर्गात वर्षानुवर्षं पोरं थेट गुरांमागून यायची.

तिसरा मुद्दा मात्र मला सगळ्यात लागला. 'मेंदूची ८५ टक्के वाढ सहाव्या वर्षाआधी होते, म्हणून साडेतीन वर्षांत मुलाला लिहिता आलेच पाहिजे.' आकडा हवेतला नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तो आहे, अगदी पहिल्याच प्रकरणात. पण त्याच पानावर पुढं काय लिहिलंय? खेळातून, कृतीतून, शोधातून शिकणं. अक्षरं आणि अंक आहेतच, त्यांच्याबरोबर रंग, आकार, कोडी, चित्रं, हस्तकला, बाहुल्यांचं नाटक, गाणी, घरातले आणि बाहेरचे खेळ. आकडा उचलायचा आणि पुढचं वाक्य गाळायचं, ही कुठली रीत?

आणि ते 'म्हणून' कुठून आलं? साडेतीन वर्षांच्या हातात पेन्सिल कोंबली की काय होतं, ते मी रोज बघितलंय. अंगठा मुठीत, पेन्सिल दाबून दाबून कागद फाटायचा, आणि एकदा बसलेली ती पकड चौथीपर्यंत सुटत नाही. एक पोरगं माझ्याकडं एक ते शंभर लिहीत आलं होतं. एकदम देखणं अक्षर. त्याला म्हटलं, सात चिंचोके आण. ओंजळभर घेऊन आला.

(मनगटाच्या एक्स-रेचा फोटो टाकून 'बघा, हाडंच तयार नाहीत' असं सांगणारा मेसेज लेकीच्या बाजूचे लोक फिरवतात. मनगटातली हाडं हळूहळू टणक होतात, हे खरं. पण म्हणून पेन्सिल धरली की हात बाद, असं काही नसतं. आपल्या बाजूचं असलं तरी फॉरवर्ड ते फॉरवर्ड.)

गेल्या आठवड्यात नात आमच्याकडं होती. हिनं कोरेगावचा वाघ्या घेवडा निवडायला काढला. नात सुपाशी बसली. पट्टेवाले एकीकडं, फिक्के एकीकडं, भोक पडलेले तिसरीकडं. दहा-दहाचे ढीग तिनं आपणहून केले, शेवटी चार उरले तर म्हणाली, "यांना अजून सहा मित्र पाहिजेत." मी एकतीस वर्षं हातच्याचं गणित फळ्यावर शिकवलं, त्याला 'मित्र' म्हणायचं मला सुचलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी घेवडा शिजला आणि पट्टे गायब. "आजी, वाघ कुठं गेला?" ही हसायला लागली. पोरगी पातेल्यात डोकावून बराच वेळ बघत राहिली आणि तांबूस पाण्याकडं बोट दाखवून म्हणाली, "इथं."

चौथा मुद्दा, 'माती-पानांत वेळ घालवलेली मुले मागे पडतात.' बेंदराला मातीचा बैल करून बघा. पाणी जास्त झालं की शिंग गळतं, कमी झालं की पायाला तडा जातो. बोटांत जोर येतो तो असल्या कामानं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीत आणि पुढं कोसबाडला आदिवासी मुलांची बालवाडी चालवली ती शिंपले, बिया, खडे, पानं हाताशी घेऊन. त्यांच्यापुढं हा मेसेज लिहिणारा कोण लागून गेला?

पाचवा, 'एकटे मूल एकलकोंडे होते.' हे मात्र काही अंशी खरं आहे. नात खेळणं सोडायला तयार नसते, 'माझं माझं' चालतं. आता लेक तिला रोज संध्याकाळी गल्लीतल्या पोरांत सोडते, तरी वर्गातल्या तीस जणांत बसण्याची जागा त्यानं भरत नाही. शिवाय घरी शिकवणाऱ्यांत 'शाळा म्हणजे तुरुंग' म्हणायची जी फॅशन आलीय, ती या गावात तरी करू नये. ७ नोव्हेंबर १९०० ला भीमराव आंबेडकरांचं नाव इथल्याच सरकारी हायस्कुलात दाखल झालं. त्या दाराची किंमत ज्यांना ते सहज उघडलं त्यांना कळत नाही.

हे सगळं हिला सकाळी चहाबरोबर सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "मग तो नंबर कुणाचाय?" म्हणून लावला. एका शाळेचा निघाला, नाव घेत नाही. नर्सरीपासून पुढं सगळं आहे म्हणे. मी विचारलं, "पहिलीला थेट घालायचं तर मुलाची मुलाखत असते का?" पलीकडून गोड आवाजात उत्तर आलं, "हो काका, छोटीशीच असते."

मी कलम १३ वाचून दाखवायला लागलो. २५ हजारांपर्यंत पोचायच्या आत फोन कट झाला.