‘डॅडी’ ही कविता वडिलांविरुद्धची जबानी नाही

अमेरिकन कवयित्री सिल्व्हिया प्लाथच्या ‘डॅडी’ या कवितेबद्दल एक मेसेज फिरतोय. तिचे वडील नाझी होते, त्यांनी तिला तीस वर्षं छळलं, कविता ही त्या छळाची जबानी आहे आणि शेवटी ती वडिलांपासून सुटते, असं त्यात म्हटलंय. माझ्या भाचीने हे एम.ए.च्या नोट्समध्ये जसंच्या तसं उतरवून घेतलंय, म्हणून हे लिहावं लागतंय.

आधी नाझीपणाचं बघू, कारण मेलेल्या माणसावर एवढा मोठा आरोप पुराव्याशिवाय करणं वाईटच. ऑटो प्लाथ जर्मनीत जन्मले, पण १९०० साली किशोरवयातच अमेरिकेत आले. नाझी पक्ष १९२० चा. ऑटो बॉस्टन विद्यापीठात शिकवत. भुंग्यांवरचं त्यांचं पुस्तक १९३४ चं. मेसेजमध्ये ‘वडील नाझी होते हे तिनेच सांगितलंय’ असा दाखला आहे. बीबीसीसाठी तिने लिहिलेलं ते टिपण पूर्ण वाचा. ही कविता इलेक्ट्रा गंड (मुलीची बापाबद्दलची मनात दडलेली टोकाची ओढ) असलेली एक मुलगी बोलते, इथून ते सुरू होतं. नाझी बाप आहे तो त्या मुलीचा. त्याच वाक्यात तिची आई बहुधा अंशतः ज्यू असल्याचंही म्हटलंय. सिल्व्हियाची आई ऑरेलिया ऑस्ट्रियन वंशाच्या कॅथलिक घरातली. आई टिपणातून उचलायची नाही आणि बाप मात्र उचलायचा, हे चालणार नाही.

आता तीस वर्षं. सिल्व्हियाचा जन्म २७ ऑक्टोबर १९३२ चा, ऑटो ५ नोव्हेंबर १९४० ला गेले. ती आठ वर्षांची होती. कवितेतली मुलगी मात्र बापाला पुरलं तेव्हा आपण दहा वर्षांची होतो म्हणते. कविता लिहिली १२ ऑक्टोबर १९६२ ला, तिशी पुरी व्हायला पंधरवडा असताना. म्हणजे ‘तीस वर्षं’ हे तिचं सगळं आयुष्य आणि त्यातली जवळजवळ बावीस वर्षं वडील नसतानाची. म्हणून तर सुरुवातीला बूट आहे. बाप हा काळा बूट, मुलगी त्यात तीस वर्षं कोंडलेला पाय. ऑटोंना मधुमेह होता. कॅन्सर समजून त्यांनी डॉक्टर टाळले, ठेचाळलेल्या अंगठ्याला गँग्रीन झालं, पाय कापावा लागला. आजारी पाय बापाचा होता, कवितेत पाय झालीय मुलगी. माणूस गेला, बूट राहिला आणि ती त्यात अडकली. छळाची फिर्याद म्हणून वाचलं की नेमकी ही अदलाबदल हातची जाते.

नाझी प्रतिमाही अशीच पायरीपायरीने येते. आधी जीभ काटेरी तारेत अडकते, जर्मन ‘मी’ चार वेळा अडखळतो. मग भाषेचंच आगगाडीचं इंजिन होतं, ते तिला ‘ज्यूसारखं’ आउशवित्झसारख्या नाझी छळछावण्यांकडे ओढून नेतं. मग ती ज्यूसारखं बोलू लागते. मग ‘मी बहुधा ज्यूच असेन’. ‘आहे’ असं ती कुठेच म्हणत नाही.

आत्मचरित्र अजिबात नाही, असंही नाही. फळ्यापाशी उभा बाप, विसाव्या वर्षीचा आत्महत्येचा प्रयत्न, सात वर्षं रक्त पिणारा नवरा, हे तिच्या आयुष्यातलंच आहे. घरच्या दुःखासाठी आउशवित्झ वापरावं का, हा आक्षेपही मला पूर्ण खोडता येत नाही.

राहिली सुटका. शेवटचा शब्द आहे ‘थ्रू’: संपलं, किंवा पलीकडे पोचले. पण पहिल्या ओळीपासून घुमणाऱ्या ‘डू’, ‘शू’, ‘यू’च्या यमकातच तो बसतो. बापाला संपवतानाही ती त्याच ‘यू’च्या नादात बोलतेय.