नाशिक फाट्याच्या अलीकडे राहून कौशल्यतज्ज्ञ कसे व्हावे

पुण्यात तज्ज्ञ व्हायला फारसं काही लागत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. पण राजकारण, वाहतूक आणि मिसळ या शाखांत आता फार गर्दी झाली आहे. जागा शिल्लक आहे ती कौशल्यशिक्षणात. अप्रेंटिसशिप, रोजगारक्षमता, उद्योगांची गरज एवढे शब्द तोंडात रुळले की डेक्कनच्या कुठल्याही सभागृहात पहिल्या रांगेत बसवतील. दोन तक्ते जमले तर थेट व्यासपीठावर.

पथ्य एकच. औंधच्या आयटीआयकडे चुकूनही फिरकू नका. आयटीआयच्या फिटर वर्गात एखादं पोरगं लोखंडाचा तुकडा व्हाइसमध्ये धरून कानस मारत असतं. मग तुकडा काढतं, चिंधीने पुसतं, काटकोन तपासायचा गुण्या लावतं आणि खिडकीकडे धरून एक डोळा मिटून बघतं. फटीतून उजेड दिसला की पुन्हा कानस. त्या तुकड्याला तिथे ‘जॉब’ म्हणतात. हे एकदा पाहिलं की भाषणात ‘जॉब’ म्हणताना जीभ अडखळते, आणि तज्ज्ञाची जीभ अडखळून कसं चालेल?

त्यापेक्षा ग्रंथालयात बसा. अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकरपासून सुरुवात करा. 1964 साली त्याने मांडलेला हिशेब सोपा आहे: जे कौशल्य कुठल्याही कारखान्यात चालतं, ते शिकवायचा खर्च मालक करणार नाही, कारण शिकून तयार झालेला पोरगा शेजारच्या गेटातून आत जाणार. म्हणून तो खर्च शिकणाऱ्यानेच कमी पगार घेऊन सोसायचा. हे वाक्य उद्योजकांच्या मेळाव्यात म्हणा. टाळ्या पडतील. टाळ्या पडल्या की पुस्तक मिटा.

कारण पुढे डॅरन असेमोग्लू आणि यॉर्न-स्टेफन पिश्के हे आणखी दोन अर्थशास्त्रज्ञ भेटतात. असं असेल तर जर्मन कंपन्या पदरचे पैसे घालून पोरं का शिकवतात, असा खोचक प्रश्न या दोघांनी 1998 साली विचारला. उत्तर साधारण असं: शिकवताना पोराचं पाणी कंपनीला कळतं, बाहेरच्यांना कळत नाही. पोरगा टिकतो आणि कौशल्य जेवढं वाढतं तेवढा पगार वाढत नाही. मधला फरक कंपनीचा. म्हणजे शिकवणं कंपनीला परवडतं, पण पोरगा टिकला तर. असेमोग्लूला 2024 चं नोबेल मिळालं (ते वेगळ्या कामासाठी, पण भाषणात एवढं बारीक कोण बघतं), तेव्हा नाव जरूर घ्या, मुद्दा घेऊ नका. नाहीतर मागच्या रांगेतला कोणी विचारेल की अकरा महिन्यांनी ‘ब्रेक’ देऊन घरी पाठवायचं आधीच ठरलेलं असताना नाशिक फाट्यापलीकडच्या चाकणच्या कारखान्यांतली एखादी कंपनी त्या पोराला कशाला शिकवेल? अशा माणसाला चहाच्या वेळी गाठा, पण माइक देऊ नका.

‘जर्मनी’ हा शब्द दर तीन मिनिटांनी आला पाहिजे. ‘ड्युअल सिस्टिम’ म्हणा आणि थोडं थांबा. तिथे 1969 पासून त्यासाठी वेगळा कायदा आहे, पोरगा आठवड्यातले एक-दोन दिवस शाळेत जातो आणि बाकीचे दिवस कंपनीत शिकतो, आणि शेवटची परीक्षा त्याची कंपनी घेत नाही, उद्योग-व्यापार मंडळ घेतं, हे तपशील गाळा. लोकांना जेवायला जायचं असतं.

आपला कायदा मात्र तोंडपाठ हवा. शिकाऊ उमेदवारी अधिनियम, 1961. तीस किंवा जास्त माणसं असतील तिथे अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ ठेवणं सक्तीचं. कमी ठेवले तर पूर्वी कैदेची भीती होती, 2014 च्या दुरुस्तीने ती काढली आणि कमी पडलेल्या प्रत्येक शिकाऊमागे महिन्याला 500 रुपये दंड ठेवला, तीन महिन्यांनंतर 1,000. याला ‘विश्वासावर आधारलेली व्यवस्था’ म्हणावं. आणि कलम 18 तर सोन्यात मढवण्यासारखं आहे: शिकाऊ हा शिकणारा आहे, कामगार नाही. म्हणजे दोघं एकाच लाईनवर, एकाच शिफ्टला, एकच बोल्ट आवळत असले तरी एक काम करतोय आणि दुसरा ज्ञान घेतोय.

माझ्या भाच्याने असंच ज्ञान घेतलं. फिटरचा आयटीआय झालेला, चाकणच्या बाजूला एका कंपनीत ट्रेनी म्हणून लागला. पहाटे पाचला बसस्टॉपवर. वर्षभर तो ट्रॉल्या ओढत होता आणि बॉक्सवर बारकोड चिकटवत होता. कानस काही हातात आली नाही. शेवटच्या आठवड्यात सुपरवायझरने सगळ्या पोरांना कँटीनमध्ये बसवून वर्षाची प्रशिक्षण नोंदवही लिहून घेतली. “सोमवार, मापन साधनांची ओळख. मंगळवार, सदर.” वेगवेगळ्या दिवशी लिहिल्यासारखं दिसावं म्हणून तीन प्रकारची पेनं वाटली होती. भाचा म्हणाला, “मामा, वर्षभरात कंपनीने नीट समजावून सांगितलेली गोष्ट ती एवढीच.”

सरकारी योजनांचं कौतुक करताना आकडे द्या, पण शेजारी शेजारी मांडू नका. राज्याची 2024 ची कार्यप्रशिक्षण योजना घ्या. सुरुवातीची मुदत अशी: सहा महिने काम शिका. बारावी झालेल्याला महिना 6,000, आयटीआयवाल्याला 8,000, पदवीधराला 10,000. पदवीपेक्षा कौशल्य मोठं असं सांगणाऱ्या योजनेतही विद्यावेतन पदवी बघूनच ठरतं. हे कुणाच्या लक्षात येण्याआधी पुढची स्लाईड घ्या.

आता खरी गुरुकिल्ली. कायम दोन अभ्यास जवळ बाळगा. एक सांगतो की व्यवसायशिक्षण घेतलेल्या पोरांना पहिली नोकरी लवकर मिळते. दुसरा, हानुशेक या अर्थशास्त्रज्ञाचा आणि मंडळींचा 2017 चा, सांगतो की ही सुरुवातीची आघाडी वय वाढेल तशी ओसरते, कारण तंत्र बदललं की एकाच कामात घडवलेल्या माणसाला नवं पकडणं जड जातं. पहिला अभ्यास घरकामाला येणाऱ्या मावशींच्या मुलासाठी. दुसरा आपल्या मुलासाठी. मावशी विचारतात, “दादा, बारावी करू द्यावी का आयटीआयला घालू?” तेव्हा चष्मा काढून म्हणायचं, “मावशी, हाताला काम हवं.” आणि संध्याकाळी मुलाच्या इंजिनिअरिंगच्या क्लासचा तिसरा हप्ता भरायचा. यात खोटं काही नाही, दोन्ही अभ्यास खरेच आहेत.

अर्थात आपल्याही मुलाने हातात पाना धरायला हरकत नाही, मात्र तो पाना युरोपातला हवा. आमच्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावरच्या काकांचा मुलगा जर्मन शिकून स्टुटगार्टकडे ‘आउसबिल्डुंग’ला गेला. म्हणजे अप्रेंटिसशिपच, मशीनवरची. पण असं म्हटलेलं काकांना चालत नाही. त्यांनी चारही मजल्यांवर पेढे वाटले. आमच्याकडे आले तेव्हा भाचा पहिल्या शिफ्टहून येऊन जेवत बसला होता.

“हाही मशीनवरच ना?” काकांनी त्याच्या हातावर पेढा ठेवत आपुलकीने विचारलं.

“फिटर आहे,” मी म्हणालो.

“अरे वा! मग उद्या जरा वर पाठवता का? आमच्या मोरीतला नळ आठवडाभर गळतोय.”